ढालीवर नाव कोणाचे?



हायस्कुलात मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे एक कपाट बहुधा असतेच. त्यात खेळांत जिंकलेल्या ढाली आणि चषक मांडलेले असतात. जवळ जाऊन वाचले तर ढालीच्या मध्यभागी ती देणाऱ्या दात्याचे नाव, भोवती छोट्या पत्र्यांवर जिंकणाऱ्या शाळांची नावे आणि साल, एवढे दिसते. कधीमधी कप्तानाचेही नाव असते. पण पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा, गावोगावच्या सामन्यांना पोरे नेताना एस.टी.च्या भाड्याला प्रसंगी पदरचे पैसे घालणारा जो खेळाचा मास्तर, त्याचे नाव तिथे शोधून सापडत नाही. शाळेतल्या खेळांसाठी झिजणाऱ्या अशा माणसांचा मान आपल्याकडे कोणी, कधी आणि कसा राखला, ते आज थोडे पाहू.

मुंबईतील आंतरशालेय क्रिकेटची हॅरिस ढाल प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तिच्यासाठी शाळाशाळांत चुरस चालत आली. ज्यांच्या नावाची ही ढाल, ते लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. स्वतः मोठे क्रिकेटपटू, इंग्लंडच्या संघाचे कप्तान. पण गंमत बघा! त्यांच्याच अमदानीत, १८९० साली, हजाराहून अधिक मुंबईकरांनी सह्या करून एक अर्ज केला. गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडले जाते, आमच्या पोरांना चेंडूफळी खेळायला जागा राहत नाही, तेव्हा पोलो दुसरीकडे न्यावा, इतकीच मागणी होती. गव्हर्नरसाहेबांनी अर्ज फेटाळला. ढालीने मुंबईच्या क्रिकेटचे भले केले हे नाकारता येणार नाही. सुनील गावसकरांसारखे खेळाडू तिच्यासाठी खेळूनच पुढे आले. पण मैदान मागणाऱ्या त्या हजार जणांच्या नावाची ढाल काही निघाली नाही.

पुढे याच ढालीच्या एका सामन्याने एका मास्तराचे नाव देशभर केले. फेब्रुवारी १९८८. मुंबईचे आझाद मैदान, एका बाजूला शारदाश्रम, दुसऱ्या बाजूला सेंट झेवियर्स, आणि सामना उपांत्य फेरीचा. शारदाश्रमाच्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या. दोघांची भागी ६६४ धावांची! पायाला पॅड बांधून पुढचा फलंदाज ताटकळत बसला, त्याची पाळीच आली नाही. या पोरांचे गुरू रमाकांत आचरेकर. जन्म १९३२ चा, मूळचे मालवणकडचे, नोकरी स्टेट बँकेत. स्वतः प्रथम दर्जाचा सामना खेळले तो एकच. पण शिवाजी पार्कवर त्यांनी किती पोरे घडवली! त्यांची बक्षीस देण्याची तऱ्हा सचिन तेंडुलकरांनी अनेकदा सांगितली आहे. सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचा तो रुपया. सचिन शेवटपर्यंत टिकला तर सचिनचा. अशी तेरा नाणी आपल्याजवळ जपून ठेवल्याचे सचिन सांगतात. एका रुपयाला एवढी किंमत क्वचितच आली असेल.

आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले, तेव्हा मात्र त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला गेला नाही, आणि त्यावर बरीच टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि त्याचे अनावरण शिष्य सचिनच्या उपस्थितीत झाले.

आता या द्रोणाचार्य पुरस्काराविषयी. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्याच्या गुरूची आठवण सरकारला व्हायला आणखी चोवीस वर्षे लागली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ चा. (एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचेच नाव या पुरस्काराला का द्यावे, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी वर्गात विचारील. गुरुजनांनी त्याला गप्प बसवू नये, एवढेच म्हणतो.) पहिल्या वर्षी तिघांचा मान झाला: कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि धावण्याच्या शर्यतींचे ओ. एम. नंबियार.

यातले नंबियार शाळेच्या मैदानावरचे. केरळ सरकारने १९७६ साली कण्णूर येथे मुलींसाठी क्रीडाशाळा काढली, तिथे हे प्रशिक्षक. एका बक्षीस समारंभात त्यांना एक सडपातळ, झपझप चालणारी पोरगी दिसली. धावताना नव्हे हो, चालताना! त्या चालीवरून त्यांनी ओळखले की ही उत्तम धावेल. तीच पी. टी. उषा. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकले. पुढच्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने पाच सुवर्णपदके मिळवली, आणि त्याच वर्षी गुरूला द्रोणाचार्य मिळाला. नंबियारांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२१ च्या जानेवारीत. पदके प्रत्यक्ष देण्याचा समारंभ नोव्हेंबरात झाला. त्याआधीच, १९ ऑगस्टला, ते गेले होते.

असल्या पुरस्काराची एक अडचण आहे. शिष्य आंतरराष्ट्रीय मैदानावर चमकला तर गुरूचे नाव वर येते. पण आठवीतल्या पोराला पहिल्यांदा धावायला लावणारा तालुक्याचा मास्तर त्या हिशेबात बसत नाही. पोरगे दहावीनंतर मोठ्या गावी जाते, तिथला प्रशिक्षक निराळा, पुढे राष्ट्रीय छावणीतला आणखी निराळा. पदकाच्या दिवशी पहिला मास्तर आपल्या शाळेत तास घेत असतो.

आणि ज्यांनी खेळ शिकवलाच नाही, पण खेळाडूला पाठबळ दिले, त्यांचे काय? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. घरात कुस्ती वडिलांपासून. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, मग कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली आणि पैशाचे अडले. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावे याला कोणत्या पुरस्काराच्या नियमात जागा आहे?

खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सरकारदरबारी त्यांची कदर उशिरा झाली. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. कराडकर मात्र इतके थांबले नव्हते. पदक घेऊन पैलवान परतला तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या मिरवणुकीला निघाल्या होत्या. शिंगे रंगवलेले बैल, ढोल-लेझीम, आणि रस्त्याच्या दुतर्फा माणूसच माणूस. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड धरले. त्यांत जे पैसे आले ते खर्डेकरसरांच्या हाती दिले, आणि सरांचे घर सोडवले.