येना नगरी आणि जर्मन चिद्वादाचा उत्कर्ष

जर्मनीतील थुरिंगिया प्रदेशात, साले नदीच्या काठी वसलेले येना हे अठराव्या शतकाच्या अखेरीस एक लहानसे विद्यापीठ-गाव होते. राजदरबार वीसेक किलोमीटरवरील वायमारला होता आणि व्यापाराची मोठी पेठ येथे नव्हती. तरीही १७८७ ते १८०७ या वीस वर्षांत युरोपीय तत्त्वज्ञानातील चिद्वादाची जडणघडण मुख्यतः याच गावी झाली. मनुष्याला जे जग अनुभवास येते ते घडण्यात त्याच्या चैतन्याच्या क्रियेचा मूलभूत वाटा असतो, असे मानणारी विचारसरणी म्हणजे चिद्वाद. या विचारातून येनामध्ये एक साहित्य-चळवळ उभी राहिली आणि पुढे एक राजकीय चळवळही निघाली. आदर्शावरील निष्ठा आणि त्या आदर्शाची कठोर चिकित्सा या दोन्ही एकत्र नांदतात तेव्हा काय साधते आणि त्यांची फारकत झाली म्हणजे काय ओढवते, हे येनाच्या इतिहासात एकाच ठिकाणी पाहावयास मिळते.

हे याच गावी का घडले, याचे उत्तर प्रथम विद्यापीठाच्या व्यवस्थेत शोधावे लागते. १५५८ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाचा कारभार साक्स-वायमार, गोथा, कोबुर्ग आणि माइनिंगेन या छोट्या संस्थानांच्या ड्यूकांकडे संयुक्तपणे होता. त्यामुळे कोणा एका राज्यकर्त्याच्या लहरीने अध्यापकावर कारवाई होणे अवघड असे. वेतन तुटपुंजे असल्याने नावाजलेले पंडित येथे फारसे येत नसत, आणि त्यांची जागा धाडसी तरुण घेत. वायमारचा ड्यूक कार्ल आउगुस्ट आणि त्याचा मंत्री असलेला कवी गटे यांनी या तरुणांना आश्रय दिला. १७८५ पासून येथून निघणाऱ्या एका समीक्षापर नियतकालिकाने नवा विचार जर्मन वाचकांपर्यंत पोहोचविला.

हा नवा विचार मुळात केनिग्सबर्गच्या इमान्युएल कांटचा होता. १७८१ च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, अवकाश, काल आणि कार्यकारणभाव हे ज्ञात्याच्या बाजूने येणारे आकार आहेत. म्हणून ज्ञान अनुभवापुरते मर्यादित राहते आणि वस्तू स्वरूपतः कशी आहे, हे अज्ञातच राहते. कार्ल लेओनहार्ड राइनहोल्ट याने हा दुर्बोध ग्रंथ पत्ररूप लेखांतून सुगम केला आणि १७८७ मध्ये तो येनामध्ये प्राध्यापक झाला. दोन वर्षांनी, मे १७८९ मध्ये, नाटककार फ्रीडरिख शिलर याने येथे इतिहासाच्या अभ्यासाचे प्रयोजन सांगणारे पहिले व्याख्यान दिले, तेव्हा श्रोत्यांच्या गर्दीमुळे सभेची जागा बदलावी लागली. त्यानंतर काही आठवड्यांतच पॅरिसमध्ये बास्तीलचा पाडाव झाला, आणि तेथून पुढे येनामधील प्रत्येक तात्त्विक प्रश्नाला फ्रेंच राज्यक्रांतीची पार्श्वभूमी लाभली.

१७९४ मध्ये राइनहोल्टच्या जागी योहान गोटलीप फिख्ते आला. फिती विणणाऱ्या कारागिराच्या या मुलाने आदल्याच वर्षी राज्यक्रांतीच्या समर्थनार्थ लेखन केले होते. कांटने अज्ञेय ठरविलेली वस्तू त्याने तत्त्वज्ञानातून वगळली आणि ‘अहं’ची, म्हणजे स्वतःला स्थापणाऱ्या चैतन्याची, क्रिया हेच सर्व ज्ञानाचे मूळ मानले. या सिद्धान्ताचा अर्थ स्वैर अहंकार असा लावणे मात्र चुकीचे ठरेल. १७९६ च्या न्यायविषयक ग्रंथात फिख्तेने दाखविले की, दुसऱ्या स्वतंत्र व्यक्तीने आवाहन केल्याखेरीज कोणालाही आपल्या स्वातंत्र्याची जाणीव होत नाही, आणि म्हणून दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःला मर्यादा घालणे हा न्यायाचा पाया आहे. चिद्वादाची नैतिक ताकद या आत्ममर्यादेत होती.

साहित्यात या विचाराला दोन वळणे मिळाली. शिलरने १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यविषयक पत्रांत, राज्यक्रांतीने दहशतीचे रूप का घेतले याचा विचार करून, मनुष्याची भावना आणि बुद्धी यांचा मेळ कलेने घातल्याशिवाय राजकीय स्वातंत्र्य टिकणार नाही, असे मत मांडले. १७९६ नंतर आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल, त्याची पत्नी कारोलिने आणि भाऊ फ्रीडरिख यांच्याभोवती तरुण लेखकांचे मंडळ जमले; नोव्हालिस, लुडविग टीक, डोरोथेआ फाइट आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेला शेलिंग त्यात होते. त्यांच्या ‘आथेनेउम’ या नियतकालिकातून (१७९८–१८००) स्वच्छंदतावादाचा, म्हणजे प्रतिभेच्या स्वातंत्र्याला काव्याचा प्राण मानणाऱ्या साहित्यविचाराचा, उद्घोष झाला. विल्हेल्मने याच काळात कारोलिनेच्या साहाय्याने शेक्सपिअरची नाटके जर्मन भाषेत आणली, तर शेलिंगने निसर्ग आणि चैतन्य यांचे मूळ ऐक्य कलेतच प्रत्यक्ष होते, असा सिद्धान्त १८०० मध्ये मांडला.

हे मंडळ फार काळ टिकले नाही. परमेश्वर म्हणजे जगाची नैतिक व्यवस्थाच होय, अशा आशयाच्या १७९८ मधील लेखावरून फिख्तेवर नास्तिकतेचा आरोप झाला. शेजारच्या साक्सनीच्या सरकारने विरोध केला आणि ठपका ठेवल्यास पद सोडू, हे फिख्तेचे निर्वाणीचे शब्द वायमारने राजीनामा म्हणून स्वीकारले. १७९९ मध्ये तो बर्लिनला गेला. शिलर वायमारला स्थायिक झाला, नोव्हालिस १८०१ मध्ये निवर्तला, आणि १८०३ पर्यंत शेलिंगनेही येना सोडले.

मागे राहिला तो १८०१ मध्ये आलेला, आरंभी निश्चित वेतनाविना केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर शिकविणारा गेओर्ग विल्हेल्म फ्रीडरिख हेगेल. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येनाजवळ नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला, त्या सुमारास तो ‘चैतन्याची रूपमीमांसा’ हा ग्रंथ पुरा करीत होता. १८०७ मध्ये प्रकाशित झालेल्या या ग्रंथात त्याने चिद्वादाचीच परीक्षा घेतली. स्वतःच्या अंतःकरणाचा कौल हाच जगाचा नियम मानणारा मनुष्य जगाने तो मानला नाही की उन्मत्त कसा होतो, आणि कोणतीही मर्यादा न मानणारे केवल स्वातंत्र्य शेवटी मृत्युदंडाखेरीज काहीच कसे निर्माण करू शकत नाही, याचे विश्लेषण त्याने केले.

पुढच्या पिढीला या विश्लेषणाची नितांत गरज होती. नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी जून १८१५ मध्ये येनामध्ये ‘बुर्शेनशाफ्ट’ ही संघटना स्थापिली. विखुरलेल्या जर्मन राज्यांचे ऐक्य आणि सांविधानिक शासन ही तिची ध्येये होती. ऑक्टोबर १८१७ मध्ये वार्टबुर्ग किल्ल्यावर सुमारे पाचशे विद्यार्थी जमले. स्वातंत्र्याच्या भाषणांनंतर त्यांच्यातील काहींनी विरोधकांच्या ग्रंथांची नावे लिहिलेले रद्दी कागदांचे गठ्ठे जाळले. त्या नावांत जर्मन राष्ट्रवेडावर टीका करणाऱ्या ज्यू लेखक झाउल आशरच्या पुस्तकाचाही समावेश होता. तेथे भाषण करणारा येनाचा तत्त्वज्ञ याकोब फ्रीस याने आदल्याच वर्षी ज्यूंविरुद्ध द्वेषपूर्ण पुस्तिका लिहिली होती. २३ मार्च १८१९ रोजी येनाचा विद्यार्थी कार्ल झांड याने नाटककार कोट्झेबूला देशद्रोही मानून मानहाइम येथे भोसकून ठार केले. त्याच वर्षीच्या कार्ल्सबाडच्या ठरावांनी मुद्रणावर नियंत्रण आणि विद्यापीठांवर देखरेख लादली, विद्यार्थी-संघटनांवर बंदी आली आणि ज्या स्वातंत्र्यासाठी हत्या झाली तेच अधिक आकुंचित झाले.

या शेवटावरून चिद्वादालाच दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. बुर्शेनशाफ्टने रूढ केलेले काळा, लाल आणि सोनेरी हे रंग पुढे १८४८ च्या जर्मन लोकसभेने आणि नंतर जर्मन प्रजासत्ताकाने स्वीकारले. तिच्या ध्येयांत टिकाऊ सत्त्व होते, हे यावरून दिसते. झांडपाशी निष्ठेची उणीव नव्हती. फिख्तेने न्यायाचा पाया मानलेली दुसऱ्याची मान्यता आणि शिलरने आवश्यक मानलेली मनाची मशागत मात्र त्याच्या निष्ठेत उरली नव्हती. आदर्शाची कसोटी तो बाळगणाऱ्याच्या तळमळीवर लागत नाही; विरोधकाला स्वतंत्र मनुष्य म्हणून तो किती स्थान देतो, यावर लागते. ही कसोटी चिद्वादाने स्वतःच सिद्ध केली होती, आणि येनाच्या तत्त्वज्ञांचे मोठेपण प्रामुख्याने तिच्यात आहे.