बिग बेन : बर्फाखाली धुमसणारा पर्वत

१/ दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे ४,००० किलोमीटर नैऋत्येस, हर्ड हे निर्मनुष्य बेट आहे. ‘बिग बेन’ या ज्वालामुखी पर्वताने ते जवळजवळ संपूर्ण व्यापले आहे. पर्वताच्या अंगावर हिमनद्या आहेत आणि पोटात लाव्हा. त्याचा माथा म्हणजे २,७४५ मीटर उंचीचे मॉसन शिखर. बेटाची नोंद झाल्यानंतर या शिखरावर माणूस पोहोचण्यास १११ वर्षे लागली.

२/ नोव्हेंबर १८५३ मध्ये बॉस्टनहून मेलबर्नला निघालेल्या ‘ओरिएंटल’ या जहाजाचे कप्तान जॉन हर्ड यांना हे बेट दिसले. दोनच वर्षांत तेथे शिकारी उतरले. त्यांना हवे होते हत्ती सीलच्या चरबीचे तेल. काही दशकांतच किनाऱ्यावरील सीलचे कळप जवळपास संपले आणि शिकारीही निघून गेले. पर्वताकडे वळण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

३/ डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिटनने बेटाचा ताबा ऑस्ट्रेलियाकडे सोपवला. त्याच सुमारास तेथे संशोधन तळ उभा राहिला, पण तो १९५५ पर्यंतच टिकला. १९६३ मध्ये शिखरावर चढाईचा प्रयत्न झाला. वादळाने गिर्यारोहकांना माघार घ्यावी लागली.

४/ त्या तुकडीतील वॉरविक डीकॉक आणि ग्रॅहम बड यांनी हार मानली नाही. ‘पटनेला’ या शिडाच्या जहाजातून नवी मोहीम निघाली. कप्तान होते बिल टिलमन, १९३६ मध्ये नोएल ओडेल यांच्यासह नंदादेवीवर सर्वप्रथम पाऊल ठेवणारे गिर्यारोहक. हर्डला सुरक्षित बंदर नाही. म्हणून वयाच्या ६६ व्या वर्षी टिलमन यांनी शिखराचा मोह बाजूला ठेवून जहाज सांभाळले.

५/ २५ जानेवारी १९६५ रोजी डीकॉक, बड, फिलिप टेंपल, कॉलिन पट आणि जॉन क्रिक हे पाच जण माथ्यावर पोहोचले.

६/ १९९७ मध्ये बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज तेथे जाण्यास परवाना लागतो. मात्र तापमानवाढीला परवाना लागत नाही. १९४७ पासून तेथील हिमाच्छादन सुमारे एक पंचमांशाने घटले आहे. ज्या पर्वताने माणसाला शतकभर दूर ठेवले, त्याच्यापर्यंत माणसाच्या धुराची झळ मात्र सहज पोहोचली.