‘काय करायलास?’ची कुळकथा

‘वाँट’पुढे ‘टू गो’, ‘एन्जॉय’पुढे ‘गोइंग’. जिंतूरच्या शाळेत या याद्या मी घोकल्या. पुढे कळलं, हा ‘टू’ म्हणजे दिशा दाखवणारा ‘-कडे’च, जुन्या इंग्रजीत त्याच्यामागून येणारं क्रियानाम चतुर्थीत असे. आणि आपल्या ‘करायला’च्या शेवटीही चतुर्थीचाच ‘ला’ आहे! ‘चहा प्यायला थांबला’ आणि ‘चहा पिणं थांबवलं’ यांतला फरक जाणणाऱ्या पोराला ‘स्टॉप’पुढचं कोडं निम्मं सुटलेलं असतं.

‘करणं’ आलं संस्कृत ‘करण’वरून, ‘करू’ ‘कर्तुम्’वरून. ‘करायला’ मात्र ‘कर्तव्य’च्या घरातलं. प्राकृतात करिअव्व, मराठीत करावें, सामान्यरूप करावया, त्याला ‘ला’. मग ‘व’ गळाला. जे अजून करायचं आहे, ते त्याच्या रक्तातच आहे.

मग आमच्या परभणीकडे ‘काय करायलास?’ म्हणजे ‘आत्ता काय करतोयस?’ कसं झालं?

एक मत असं की यातला ‘-लास’ म्हणजे झिजलेला ‘राहिलास’. विदर्भ शेजारी, तिथं ‘करून राहिलो’ चालतं. शिवाय 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात, कानावर उर्दूचं ‘कर रहा’. मोहात पाडणारं मत आहे, पण मला पटत नाही. ‘राहिलो’ मूळ धातूला चिकटला असता तर ‘दे’चं ‘देयलो’, ‘हो’चं ‘होयलं’ एवढंच निघालं असतं. मग ‘पैसे द्यायलाय’, ‘उशीर व्हायलाय’ यांतले ‘द्याय-’, ‘व्हाय-’ आले कुठून? ते ‘द्यायला’, ‘व्हायला’तलेच, म्हणजे पुन्हा कर्तव्याचं घराणं.

माझा साक्षीदार कोल्हापूरचा आहे. तिथं ‘काय कराय लागलायस?’ म्हणजे सुरुवात कधी केलीस असं नव्हे, आत्ता काय चाललंय असंच. ‘लागणे’ आरंभापासून घसरत चालू कामावर आलं. त्यातला ‘लाग’ झिजवा: कराय लागलास, करायलास. मधली पायरी लिहिलेली कुठं सापडली नाही, पण घाईत बोलणाऱ्या तोंडाला ती लागतेच कशाला! ‘ल’ दोनदा आला की एक कधी कधी गिळला जातो.

इंग्रजीनं काय केलं पाहा. ‘ही इज ऑन हंटिंग’, म्हणजे तो शिकारीवर आहे. ‘ऑन’चा नुसता ‘अ’ उरला, मग तोही गेला. तिथं चालू काळाला हातभार लागला तो ‘इंग’वाल्या नामाचा. आम्ही त्याच कामाला ‘टू’च्या भावाला, ‘कराय-’ला, जुंपलं, आणि लातूर-नांदेडकडं तर त्याचा ‘य’ही राहिला नाही: ‘काय करालास?’