छपाईतला यूव्ही दिवा पुरेसा आहे का? हातात मावणारं मीटर नेमकं काय मोजतं?

लग्नपत्रिकेवरचं उठावदार चकचकीत नाव, मोबाईलच्या कव्हरवरचा फोटो, औषधाच्या खोक्यावरची गुळगुळीत झळाळी. या सगळ्यांत एक गोष्ट समान असू शकते, ती म्हणजे अतिनील किरणांनी, अर्थात यूव्हीने 'वाळवलेली' शाई किंवा कोटिंग.

यूव्ही छपाई आता फक्त मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. धाराशिवसारख्या (पूर्वीचं उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या ग्राहकालाही यूव्ही प्रिंट, स्पॉट यूव्ही हे शब्द ओळखीचे झाले आहेत. पण दिव्याखालून बाहेर आलेला कागद हाताला कोरडा लागला, म्हणजे काम झालं का? याचं उत्तर शोधायला मदत करणारं छोटं यंत्र म्हणजे यूव्ही रेडिओमीटर.

यूव्ही क्युअरिंग म्हणजे काय?

साधी शाई वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी किंवा सॉल्व्हंट उडून जातं किंवा कागदात शोषलं जातं. यूव्ही शाईचं तसं नसतं. तिच्यात फोटोइनिशिएटर नावाचं रसायन असतं. त्यावर योग्य किरण पडले की साखळी प्रक्रिया सुरू होते, छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ओली शाई सेकंदाच्या काही भागात घट्ट प्लास्टिकसारखी होते. यालाच क्युअरिंग म्हणतात.

हे तंत्र छपाईपुरतं नाही. लाकडी फर्निचरचं पॉलिश, इलेक्ट्रॉनिक सर्किटवरचं संरक्षक कोटिंग, नेलपेंटचं जेल अशा अनेक ठिकाणी ते वापरलं जातं. धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंब भागात पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा पवनचक्क्यांच्या पात्यांच्या दुरुस्तीसाठीही यूव्हीने घट्ट होणारं रेझिन जगात वापरलं जातं. दातांच्या डॉक्टरांकडचा निळा दिवाही याच कुटुंबातला, फक्त त्याचे किरण अतिनील नसून डोळ्यांना दिसणारे निळे असतात.

डोळ्यांनी का कळत नाही?

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये त्यांचा शोध लावला, तोही अप्रत्यक्षपणे. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेलं सिल्व्हर क्लोराइड जास्त वेगाने काळं पडलं.

यूव्ही दिव्यातून जो निळसर-जांभळा उजेड दिसतो, तो मुख्यतः दृश्य प्रकाश असतो. जुन्या पाऱ्याच्या दिव्याचा दिसणारा उजेड तसाच राहूनही त्याचा यूव्ही कमी झालेला असू शकतो. म्हणजे 'दिवा पेटतोय' आणि 'दिवा काम करतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवा कमजोर होण्याची कारणंही साधी असतात. वापराचे तास वाढले की पाऱ्याच्या दिव्याचा यूव्ही घटतो. मागच्या परावर्तकावर धूळ आणि शाईची वाफ बसते. साध्या चोकवर चालणाऱ्या दिव्यात व्होल्टेज खाली गेलं की किरणही कमी होतात. विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या मराठवाड्यात यातली कोणतीच गोष्ट दुर्मीळ नाही. एलईडी दिवे जास्त टिकतात, पण त्यांनाही थंड ठेवावं लागतं. कूलिंग बिघडलं की त्यांचाही जोर उतरतो.

मीटर काय मोजतं: जोर आणि बेरीज

मीटर दोन आकडे देतं. ते समजायला पावसाचं उदाहरण उपयोगी पडतं. पाऊस किती जोरात पडतोय ही एक गोष्ट आणि दिवसभरात एकूण किती मिलिमीटर पडला ही दुसरी.

पहिला आकडा तीव्रतेचा. एका क्षणी एका चौरस सेंटिमीटरवर किती यूव्ही पडतो, ते मिलिवॅट किंवा वॅटमध्ये सांगतात. दुसरा आकडा एकूण मात्रेचा, ज्याला कारखान्यात 'डोस' म्हणतात. तो प्रति चौरस सेंटिमीटर मिलिज्यूल किंवा ज्यूलमध्ये असतो. सरासरी ३०० मिलिवॅट तीव्रतेचे किरण एक सेकंद पडले, तर डोस ३०० मिलिज्यूल होतो.

समजा, पट्टा मिनिटाला १० मीटर वेगाने चालतो आणि डोस ५०० मिलिज्यूल मिळतो. ऑर्डर घाईची म्हणून वेग २० मीटर केला, तर तीव्रता तेवढीच राहील, पण डोस २५० वर येईल. त्यामुळे दोन्ही आकडे लागतात. तीव्रता कमी पडली तर हवेतला ऑक्सिजन प्रक्रियेत अडथळा आणतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो, जाड थरात किरण तळापर्यंत पोहोचत नाहीत. डोस कमी पडला तर प्रक्रिया अर्धवट राहते.

मीटरचे प्रकार कोणते?

सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे तळहाताएवढी, साधारण अर्धा इंच जाडीची चकती. एका बाजूला सेन्सर, दुसऱ्या बाजूला स्क्रीन. ती मालासारखीच पट्ट्यावर ठेवून दिव्याखालून पाठवतात. बाहेर आली की सर्वाधिक तीव्रता आणि एकूण डोस स्क्रीनवर दिसतो.

अरुंद जागेसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेली मीटर मिळतात. ऑफसेट मशिनच्या रोलरमधून चकती जाऊच शकत नाही. तिथे यूव्हीने रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या कागदावर लावून पाठवतात आणि नंतर रंगावरून डोस काढतात.

दोन मीटर वेगवेगळे आकडे का दाखवतात?

ही सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी बाब. यूव्ही म्हणजे एकच किरण नाही. यूव्ही-ए ३१५ ते ४००, यूव्ही-बी २८० ते ३१५ आणि यूव्ही-सी १०० ते २८० नॅनोमीटर असे पट्टे मानले जातात. पाऱ्याचा दिवा २५४, ३१३, ३६५ अशा अनेक तरंगलांबींवर किरण देतो. एलईडी मात्र ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ यांपैकी एकाच्या आसपास.

पाऱ्याच्या दिव्यासाठी बनवलेलं यूव्ही-ए मीटर ३९५ च्या एलईडीखाली धरलं, तर त्याचा सेन्सर नेमका त्या ठिकाणी अर्धवट 'आंधळा' असू शकतो. आकडा दिसेल, पण त्याला अर्थ नसेल. म्हणून मीटर दिव्याशी जुळणारं हवं, आणि कुठलाही आकडा नोंदवताना कोणत्या मीटरने, कोणत्या पट्ट्यात मोजला हेही लिहायला हवं.

उन्हासाठीचं स्वस्त मीटर इथे चालत नाही. भर दुपारच्या उन्हात यूव्ही प्रति चौरस सेंटिमीटर साधारण ५ मिलिवॅट असतो. औद्योगिक एलईडी दिव्याच्या तोंडाशी तोच ८ वॅट किंवा त्याहून जास्त असू शकतो, म्हणजे हजारपटीहून अधिक.

अर्धवट क्युअरिंगने बिघडतं काय?

पत्रिका एकमेकींना चिकटल्या, सेलोटेपबरोबर शाई निघून आली, तर नुकसान पैशांचं. खाण्याच्या पदार्थांच्या पॅकिंगमध्ये प्रश्न गंभीर होतो.

नोव्हेंबर २००५ मध्ये इटलीत लहान मुलांच्या दुधात आयटीएक्स हे यूव्ही शाईतलं फोटोइनिशिएटर सापडलं आणि सुमारे ३ कोटी लिटर दूध जप्त झालं. पॅकिंगच्या रोलमध्ये बाहेरची छापील बाजू आतल्या बाजूला टेकली होती आणि रसायनाचा अंश तिकडे उतरला होता. सापडलेल्या प्रमाणात आरोग्याला धोका संभवत नाही, पण ते अन्नात असणं योग्यही नाही, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने म्हटलं.

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला पेढा जिल्ह्याबाहेरही जातो. पेढ्याच्या छापील बॉक्सचे तक्ते एकावर एक रचले की एकाची शाई दुसऱ्याच्या आतल्या बाजूला टेकते. म्हणून हा प्रश्न इटलीपुरता नाही. भारतात २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्नाच्या पॅकिंगवरची शाई आयएस १५४९५ या मानकानुसार असावी लागते. पण योग्य शाईही नीट क्युअर झाली नाही, तर धोका उरतोच.

मीटर कसं वापरावं?

मीटर शाई वाळली का हे थेट सांगत नाही. दिव्याकडून काय मिळालं, एवढंच सांगतं. म्हणून आधी माल चांगला निघत असताना आकडे नोंदवायचे. मग वेग हळूहळू वाढवत टेप चाचणी किंवा सॉल्व्हंटने घासून पाहायची चाचणी कुठे फसते ते शोधायचं. त्या मर्यादेच्या बरंच वर राहायचं आणि ठरावीक दिवसांनी त्याच जागी, त्याच वेगाने पुन्हा मोजायचं. आकडा घसरू लागला की आधी परावर्तक पुसायचा, मग दिवा बदलायचा विचार करायचा.

मीटरलाही तपासणी लागते. साधारण वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घेतात. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे एवढंच पाहून चालत नाही. हव्या त्या तरंगलांबीच्या यूव्ही मोजमापासाठी ती मान्यता आहे का, हेही विचारावं. देशातल्या मोजमापांचा मूळ आधार दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे.

चांगली आयात केलेली मीटर लाखांच्या घरात जातात. एकट्या दुकानाला हा खर्च जड वाटला, तर रंग बदलणाऱ्या पट्ट्या किंवा चार-पाच व्यावसायिकांनी मिळून एक मीटर घेणं हे पर्याय आहेत.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. क्युअरिंगचं मीटर कामगार सुरक्षित आहे का हे सांगू शकत नाही. डोळ्यांना आणि त्वचेला इजा व्हायला लागणारे किरण इतके कमी असतात की या मीटरवर शून्य दिसू शकतं. त्यामुळे आकडा काहीही असो, यूव्ही चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दिव्याभोवतीचं झाकण हवंच. पाऱ्याच्या दिव्यांमधून ओझोन वायूही तयार होतो, त्यामुळे तिथली हवा बाहेर काढणारा पंखाही चालू असायला हवा.