ग्रीड पडलं तेव्हा पाळीवर कोण होतं?

३१ जुलै २०१२, दुपारचा एक. आदल्या दिवशी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तरेचं ग्रीड पडलं होतं. ते कसंबसं उभं केलं, तोवर उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही ग्रीड एकदम झोपली. सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार गेला, ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. बंगालमध्ये तर खाणीत कामगार अडकून पडले.

दोन्ही दिवशी सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनपासून. गंमत म्हणजे लाइनवर फॉल्ट नव्हताच! भार इतका चढला की रिलेला तोच फॉल्ट वाटला.

त्या अंधारात काही बेटं मात्र चालू राहिली: नरोरा अणुवीज केंद्र, कोलकाता, बोकारो स्टील. बेट म्हणजे काय, तर ग्रीडपासून तुटायचं आणि आपल्याच जनरेटरवर आपला भार ओढायचा. ऐकायला सोपं आहे. तुटायचं काम रिले-ब्रेकर करतात, पुढचे काही सेकंद गव्हर्नर सांभाळतो. त्यानंतर सगळं शिफ्ट इनचार्जच्या अंगावर. निर्मिती जास्त झाली की फ्रिक्वेन्सी ५० च्या वर पळते आणि टर्बाइन ट्रिप. कमी पडली की पंप-पंखे मंदावतात, बॉयलर दम टाकतो आणि मशीन जातं ते जातंच. म्हणजे मिनिटांत ठरवायचं, कुठला फीडर तोडायचा. पोलाद कारखान्यात रोलिंग मिल थांबली तर नुकसान, पण ब्लास्ट फर्नेसचं थंड पाणी थांबलं तर माणसांच्या जिवावर बेततं. हा क्रम डोक्यात पक्का लागतो, तेव्हा फाईल उघडायला वेळ नसतो.

नंतर चौकशी समिती बसली, ठिकठिकाणी बेटांची व्यवस्था करा म्हणाली. चर्चा मात्र झाली कुठल्या राज्याने जास्त वीज ओढली याचीच. पाळीवरच्या माणसांबद्दल कोण बोलणार?

आपल्या मुंबईत ही व्यवस्था १९८१ पासून आहे. अनेकदा तिने शहर वाचवलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहानंतर कळवा-पडघा बाजूने पुरवठा तुटला तेव्हा ती टिकली नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरातली चालू निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. बाहेरची वीज स्वस्त, म्हणून इथली मशीन बंद ठेवायची, हा हिशोब कंट्रोल रूममधला शिफ्टवाला करत नाही. तो वरून येतो. शिफ्टवाल्याच्या हातात त्या सकाळी तोडायला फीडर भरपूर होते, पेलायला मशीन नव्हती.