भाडेपावती आणि घर

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात निकाहनामे आहेत, जन्माचे दाखले आहेत, आणि त्यांच्याच शेजारी दोऱ्याने बांधलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे. वडील गोदीत कामाला होते. कोकणातून मुंबईला आले तेव्हा सुरुवातीची काही वर्षे ते गावच्या जमातीने भाड्याने घेतलेल्या खोलीत वळकटी टाकून राहिले. पुढे बी.आय.टी. चाळीत एक खोली मिळाली. दर महिन्याला भाडे भरून आले की पावती आधी पेटीत जायची, मग ते जेवायला बसायचे. आम्हां मुलांना त्याचे हसू येई. त्या पावत्यांची किंमत आम्हांला फार उशिरा कळली. मुंबईत गरिबाला घर मिळते ते माणूस म्हणून नव्हे, कागद म्हणून. हा कागद कसा जन्माला आला आणि तो कुणाच्या हाती पडला, कुणाच्या हातून निसटला, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्यानंतर शहर रिकामे होऊ लागले. जे राहिले त्यांच्या घरांत सरकारी पथके शिरली. कुणाचे सामान जाळले, कुणाचे छप्पर उघडे केले, बायामाणसांना तपासून इस्पितळात नेले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, रिपन रोडवर, मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला इस्पितळात नेण्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला. या दंगलीचे वर्णन ‘अडाणी जुलाह्यांचा हट्ट’ असे करणे सोपे आहे. पण ज्या सरकारने गटारे बांधली नाहीत, हवा-उजेडाची घरे दिली नाहीत, ते सरकार एकदम उंबरठा ओलांडून मुलगी उचलायला आले, तर बाप काय करील, हाही प्रश्न इतिहासाने विचारायला हवा.

त्याच साली ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या मोडाव्यात, समुद्रावरचा वारा शहरात यावा म्हणून रुंद रस्ते काढावेत आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधावीत, ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड याच ट्रस्टने काढले. दादर, माटुंगा, वडाळ्याची आखणीही त्याचीच. सुरुवातीच्या योजनांपैकी एक आमच्या नागपाड्यातली होती. आग्रीपाडा, इमामवाडा, परळ या भागांत ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत होते. १९३४ च्या सुमारास बाबासाहेब दादरच्या राजगृहात गेले, तोवर त्यांची उमेदीची वर्षे त्या चाळीतच गेली. सरकारी खोलीत वाढलेल्या माणसाने देशाला घटना दिली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. घर गेले ते शेजारच्या गल्लीत गेले, तिथली दाटी वाढली, भाडे वाढले. गरिबांच्या नावाने घर पाडायचे आणि त्या जागी बांधलेले घर दुसऱ्याला परवडायचे, ही मुंबईची रीत तिथून सुरू झाली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात घरभाडी इतकी भडकली की सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले आणि एका खोलीची पन्नास हजार बिऱ्हाडे बांधण्याचा संकल्प सोडला. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या कापसाने कामगाराला मुंबईत आणले त्यानेच त्याच्या घराला हातभार लावावा, ही कल्पना वाईट नव्हती. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मधून अंधारी वाट, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, टोकाला सर्वांचे संडास. खोली एकशे साठ चौरस फुटांची. पन्नास हजारांचा संकल्प साडेसोळा हजारांवर थांबला.

आणि गंमत अशी की लोक घरासाठी तळमळत असताना वरळीच्या चाळी कित्येक वर्षे रिकाम्या होत्या. भाडे परवडत नव्हते. बाजार लांब, ट्राम लांब. सिमेंटच्या भिंती आणि खिडक्यांना सिमेंटच्याच जाळ्या, त्यामुळे माणसाला कोंडल्यासारखे वाटे. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने यांतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला, आणि तुरुंग म्हणून त्या चांगल्या चालल्या. पुढे याच चाळींत गिरणी कामगार आले, दलित कुटुंबे आली, कोकणातली आणि घाटावरची माणसे आली. त्यांनी त्या कोंडवाड्याला घरपण दिले. ते श्रेय सरकारचे नव्हे, राहणाऱ्यांचे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबईचे हाउसिंग बोर्ड आले. कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर, घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, काळाचौकीचे अभ्युदयनगर या वसाहती त्या काळच्या. १९५२ पासून औद्योगिक कामगारांसाठी केंद्राचे अनुदानही मिळू लागले. मुंबईच्या सरकारी घरांचा हा सर्वांत प्रामाणिक काळ होता असे आमचे मत आहे. घरे लहान होती, पण सरकार स्वतः बांधत होते.

दुसरीकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, पण मालकाने दुरुस्ती सोडली आणि पागडीचा धंदा फोफावला. डोंगरी, भेंडीबाजार, नळबाजार, कामाठीपुरा इथल्या इमारतींना टेकू लागले. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निघाले आणि १९,६४२ इमारती उपकराच्या यादीत आल्या. १९७७ मध्ये ही सारी मंडळे ‘म्हाडा’त एकवटली. तरी इमारती पडत राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, बकरी ईदच्या तोंडावर, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. भाडे कमी म्हणून जीव स्वस्त, असा हा सौदा आमच्या मोहल्ल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पत्करला आहे.

ज्यांना चाळही मिळाली नाही ते झोपडीत आणि फुटपाथवर राहिले. जानेवारी १९७६ मध्ये सरकारने झोपड्यांची मोजणी करून कार्डे दिली. तो कागद हाती असूनही त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवली गेली. तमिळ, दलित, मुसलमान अशी हजारो कुटुंबे होती. त्यांना चिता कॅम्पला नेऊन टाकले. त्या वस्तीसाठी लढलेले जॉकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे आम्हांला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हा कोकणातल्या मुसलमानाच्या घरी आनंद झाला होता, आणि तो रास्त होता. पण जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, फुटपाथवरच्या माणसांना उठवून गावी धाडण्याची घोषणा त्यांनीच केली. त्या फुटपाथवर आपलीही माणसे होती. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे गरिबाच्या डोक्यावर छप्पर येते, हा भ्रम तेव्हा तुटायला हवा होता. धावून आले ते न्यायालय. ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. मात्र रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करता येतात, हेही त्याच निकालात होते. जागा देण्याचा विचार झाला तोही मुख्यतः १९७६ ची कार्डे असलेल्यांसाठी. पुन्हा कागद आलाच. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी ‘महिला मिलन’ उभे केले. त्यांत मुसलमान बाया पुष्कळ होत्या. रोज रुपया-दोन रुपये साठवून त्यांनी घराचा आराखडा स्वतः काढायला शिकून घेतले. आमच्या जलशांत, संमेलनांत या बायांचा सत्कार झालेला आम्ही पाहिला नाही.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर घराचा प्रश्न आमच्यासाठी बदलला. मिश्र वस्तीतली खोली मिळेल त्या भावात विकून माणसे मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. भाड्याचे घर शोधायला गेले की आधी नाव विचारतात आणि नाव ऐकले की ‘जागा गेली’ म्हणतात, हा अनुभव आमच्या कितीतरी वाचकांना असेल. आमच्या मुलीला तो तीनदा आला. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाची मोफत घरांची योजना निघाली. चाळीस लाख लोकांना घरे देण्याचे वचन होते. सरकारने बांधायचे सोडले, बिल्डरने बांधायचे आणि वाढीव बांधकाम बाजारात विकून खर्च काढायचा, असे ठरले. घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९, मग ३००. जिथे जमिनीला भाव तिथे इमारत झाली, बाकीचे वाट पाहत राहिले. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारती तर इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. १८९८ मध्ये ज्या हवा-उजेडासाठी ट्रस्ट काढला होता, तो हवा-उजेड शंभर वर्षांनी सरकारी नकाशातूनच गेला.

तरीही आम्ही म्हणतो की सरकारी घर हवेच, आणि अधिक हवे. कारण म्हाडाच्या सोडतीत नंबर निघतो, नाव नंतर वाचले जाते. सोडतीत पत्रकार, कलावंत, माजी सैनिक, आमदार-खासदार यांच्यासाठी राखीव घरे असतात. आमच्यासाठी वेगळा गट नाही आणि आम्ही तो मागतही नाही. आमचे मागणे एवढेच की सरकारने पुन्हा स्वतः घरे बांधावीत, गरिबाला परवडतील अशा भाड्यानेही द्यावीत. जिथे शेजार आधी ठरलेला नसतो, तिथेच वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसे एका जिन्यावरून चढतात-उतरतात. बी.आय.टी. चाळीत आमच्या दारात गणपतीचे मोदक येत आणि रमजानमध्ये आमच्या घरची खीर मजलाभर जाई. ती सहिष्णुता कुणी शिकवली नव्हती. खोल्यांच्या वाटपाने ती घडवली होती.

आणि आपलाही दोष आहे. आपण जमातीवर, मुसाफिरखान्यावर, ओळखीच्या एजंटावर विसंबलो. पागडीचे व्यवहार तोंडी केले. वडिलांच्या मृत्यूनंतर खोली नावावर करून घेतली नाही. सोडतीचा अर्ज भरला नाही, कारण ‘आपल्याला कोण देणार?’ हे आधीच ठरवून टाकले. हक्क मागण्याआधीच सोडून द्यायची ही सवय आम्हांला महागात पडली.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ फुटांतून पाचशे फुटांत जायला शंभर वर्षे लागली. ज्यांना किल्ल्या मिळाल्या त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधीतरी एक पावती जपून ठेवली होती.

आमच्या पेटीतल्या पावत्यांचा कागद आता पिवळा पडला आहे, घडीवर फाटतो आहे. गेल्या ईदला नातवाने विचारले, हे फेकून का देत नाही? आम्ही त्याला जवळ बसवले, सगळ्यांत जुनी पावती हातात दिली आणि आजोबांचे नाव मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने अडखळत वाचले. मग स्वतःच घडी घालून पुन्हा पेटीत ठेवली.