ठिपका रेषेवर असावा की रेषेबाहेर?

मराठी घरातून चेन्नईत राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या मार्गळी महिन्यात उंबरठ्यावरच एक गोष्ट खटकते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा ठिपक्यांतून जाते. ठिपके जोडणे हीच ती कला. येथील कंबी कोलमची रेषा मात्र ठिपक्याला शिवत नाही. ती त्याच्याभोवती वळसा घालते, स्वतःलाच छेदत पुढे जाते आणि अखेर निघाली तेथे परत येते. ‘कंबी’ म्हणजे तार. ठिपका, म्हणजे तमिळमधील ‘पुळ्ळी’, त्या तारेच्या वेढ्यात सुटा राहतो.

व्हेक्टर अ‍ॅनिमेशन प्रथमच हाताळणारा विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. वक्राच्या दोन टोकांचे बिंदू रेषेवर असतात. पण त्यांतून निघालेल्या हँडलांची टोके रेषेपासून दूर, मोकळ्या जागेत असतात. रेषेला न शिवणारा बिंदू रेषेला वळवतो तरी कसा? उत्तर भारित सरासरीचे आहे. चार बिंदूंच्या वक्राच्या गणिती मध्यावर टोकांचा वाटा प्रत्येकी एक अष्टमांश आणि हँडलांचा प्रत्येकी तीन अष्टमांश असतो. एक हँडल ८ मिलिमीटर सरकवले की तो मध्य ३ मिलिमीटर सरकतो.

ही रीत चित्रकारांनी नव्हे, मोटारींच्या कारखान्यांनी घडवली. पॉल द कास्तेल्जो हे गणितज्ञ १९५८ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत रुजू झाले. मोटारीच्या पत्र्याचा बाक अंकांत कसा सांगावा, हा तेथला प्रश्न होता. १९५९ मध्ये त्यांनी काढलेला मार्ग शाळकरी वाटावा इतका साधा आहे: लागोपाठच्या बिंदूंना जोडणारे रेषाखंड एकाच प्रमाणात विभागा, मिळालेले बिंदू पुन्हा जोडून पुन्हा त्याच प्रमाणात विभागा, आणि एकच बिंदू उरला की तो वक्रावरचा. आज आपण वक्रावर नवा नोड घालतो आणि आकार तसूभरही बदलत नाही, त्यामागे हीच विभागणी असते.

कंपनीने हे व्यापारी गुपित म्हणून दडवून ठेवले. दरम्यान रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे असेच वक्र सिद्ध केले आणि १९६० च्या दशकात त्यांवर लेखन प्रसिद्ध केले. वक्रांना त्यांचे नाव मिळाले. द कास्तेल्जो यांचे अंतर्गत अहवाल वोल्फगांग बोम यांच्या हाती लागले ते १९७० च्या दशकात. (दोघांच्याही मुळाशी सर्गेई बर्नस्टाइन यांच्या १९१२ च्या बहुपदी आहेत, हेही जाता जाता सांगायला हवे.) पुढे १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने हे वक्र छपाईत आणले आणि १९८७ च्या इलस्ट्रेटरमधील पेनने ते चित्रकाराच्या हाती दिले.

याच काळात चेन्नईच्या ताम्बरम उपनगरात वेगळाच विचार चालला होता. चित्रालाही भाषेसारखे व्याकरण असते, ही कल्पना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आर. नरसिंहन यांनी १९६० च्या दशकात मांडली होती. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की मोजक्या चिन्हांना जाळीवर मांडणारे नियम दिले, तर त्याच नियमांतून एका कोलमचे लहानमोठे सारे अवतार निघतात. पुढे १९८० च्या दशकात गिफ्ट सिरोमनी यांनी कोलम काढणाऱ्या स्त्रियांच्या स्मरणाकडे लक्ष वळवले. त्यांना आढळले, की त्या स्त्रिया आकृती लहान लहान ‘चालीं’च्या रूपात लक्षात ठेवतात. जानेवारीत मैलापूरच्या उत्तर माड वीथीवर कोलम स्पर्धा भरते, तेथे मी एका आजींना विचारले होते, एवढे लक्षात कसे राहते? त्यांनी शब्दाने उत्तर दिले नाही. हवेत हात फिरवून दाखवला.

पदार्थविज्ञानाच्या माणसाला यात फार रस वाटतो. एखादी आकृती पडद्यावर अर्धा फेरा फिरवायची आहे असे समजा. दोन कीफ्रेममधील बिंदू सॉफ्टवेअरने सरळ रेषेत सरकवले, तर प्रत्येक बिंदू केंद्रातून पलीकडे जातो. निम्म्या वेळी सारे बिंदू केंद्रात गोळा होतात आणि चित्रच नाहीसे होते. नवशिक्या अ‍ॅनिमेटराला हा सॉफ्टवेअरचा दोष वाटतो, पण दोष आकार स्थानांत साठवण्याचा आहे. तोच आकार ‘पुढे जा, डावीकडे वळ’ अशा चालींत साठवला, तर फिरवणे म्हणजे केवळ आरंभीची दिशा बदलणे होय, आणि आकार आक्रसत नाही.

द कास्तेल्जो यांना उशिरा का होईना श्रेय मिळाले, कारण कपाटात कागद शिल्लक होते. कोलम तांदळाच्या पिठीने काढतात. मुंग्या ती नेतात, उरलेली दुपारपर्यंत पायांखाली जाते. पुळ्ळीला पहिला वळसा कोणी घातला, याचा कागद कोठेही नाही.